बाबासाहेबांचे उघडे दप्तर आणि झाडीपट्टीतला वाचक

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ लेखन मिळत नाही, ही आमच्या आधीच्या पिढीची तक्रार होती आणि ती खरी होती. आमच्या पिढीला ती करता येणार नाही. राज्य शासनाने १९७९ पासून काढलेले इंग्रजी खंड भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पीडीएफच्या रूपात पडून आहेत. दिल्लीच्या डॉ. आंबेडकर प्रतिष्ठानचे हिंदी वाङ्मय इंटरनेटवर आहे. संविधान सभेतील चर्चा तारीखवार वाचता येते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ आणि ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ टिपांसह मांडून ठेवलेले आहेत. नागभीड-सिंदेवाहीच्या एखाद्या मुलाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आज जेवढे बाबासाहेब मावतात, तेवढे १९५६ साली दीक्षा घ्यायला निघालेल्या कोणाही कार्यकर्त्याच्या घरी नव्हते. ही साधी घटना नव्हे. पण ती साजरी करून थांबावे, अशीही नव्हे. दस्तऐवज उघडा होणे वेगळे, तो वाचला जाणे वेगळे, आणि कोणत्या प्रश्नाच्या उत्तरासाठी तो वाचला जातो ही बाब तर अगदीच वेगळी. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत राहून हे दप्तर चाळले म्हणजे या शेवटच्या प्रश्नाला बगल देता येत नाही.

आधी हे दप्तर उघडले कसे, ते ध्यानात घेतले पाहिजे. कारण आजच्या विद्यार्थ्याला ते आयते मिळाले आहे, आणि आयत्या वस्तूचा इतिहास विसरला जातो. १९५६ च्या ६ डिसेंबरनंतर बाबासाहेबांची अप्रकाशित हस्तलिखिते आधी दिल्लीत न्यायालयाच्या ताब्यात आणि नंतर महाराष्ट्राच्या ॲडमिनिस्ट्रेटर जनरलच्या ताब्यात लोखंडी पेट्यांत बंद राहिली. नागपूरचे एक वकील जे. बी. बनसोड यांनी कोर्टात दाद मागितली. मागणी साधी होती : एक तर मला छापू द्या, नाही तर शासनाने छापावे. १९७६ साली शासनाने चरित्रसाधने प्रकाशन समिती नेमली. वसंत मून संपादक झाले आणि १४ एप्रिल १९७९ रोजी पहिला खंड बाहेर पडला. मध्ये तेवीस वर्षे गेली होती. या तेवीस वर्षांत मा. फ. गांजरे यांच्यासारख्यांनी नागपुरात भाषणे गोळा करून छापली, चां. भ. खैरमोडे चरित्राच्या खंडांमागून खंड लिहीत राहिले, पंजाबात भगवान दास आणि लाहोरी राम बाली यांनी जालंधरच्या ‘भीम पत्रिके’तून भाषणांची पुस्तके काढली. सरकार झोपले होते तेव्हा चळवळ कात्री-डिंक घेऊन बसलेली होती. आजची इंटरनेटवरची सगळी दप्तरे त्या कात्री-डिंकावर उभी आहेत, याची नोंद त्यांतल्या फार थोड्या ठिकाणी सापडते.

आणि उघडलेले दप्तर पुन्हा मिटवण्याची खटपटही झाली. १९८७ साली चौथा खंड आला, ‘रिडल्स इन हिंदुइझम’. राम-कृष्णावरील परिशिष्टावरून शिवसेनेने मुंबईत रान उठवले. ते परिशिष्ट काढून टाकावे अशी मागणी झाली. ५ फेब्रुवारी १९८८ रोजी दलितांचा जो विराट मोर्चा मुंबईत निघाला, तो एका अर्थाने संपादनशास्त्रासाठी निघालेला मोर्चा होता. जगात फार थोड्या समाजांनी एखाद्या ग्रंथाचे परिशिष्ट जागेवर राहावे म्हणून रस्त्यावर उतरण्याची पाळी अनुभवली असेल. परिशिष्ट राहिले, पण त्याला शासन या मतांशी सहमत नाही अशी तळटीप चिकटली. ज्याने लिहिले तो बाबासाहेब, ज्याने छापले ते शासन, आणि छापणारा म्हणतो आहे की मी यात नाही! ही तळटीपसुद्धा आता एक प्राथमिक दस्तऐवज झाली आहे. जपून ठेवावी अशी.

पुढचा प्रकार अधिक निर्लज्ज आहे. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ‘लोकसत्ता’तील एका बातमीची स्वतःहून दखल घेऊन जनहित याचिका दाखल करून घेतली. बातमी अशी की खंडांच्या नऊ लाख प्रती छापावयाचे ठरले, त्यासाठी ५ कोटी ४५ लाखांचा कागद घेतला गेला, आणि चार वर्षांत छापल्या गेल्या फक्त ३३ हजार प्रती. बाकीचा कागद गोदामात. आम्हा चंद्रपूरकरांना कागदाचे वेगळे वाटते. आमच्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षे बल्लारपूरच्या कागद गिरणीत गेला. कागद होऊन तो कुठे कुठे पोहोचला असेल ते असो. खंड होऊन तो एटापल्ली-भामरागडच्या वाचनालयात परत आला नाही, एवढे नक्की.

म्हणून इंटरनेटवरची प्रत ही आमच्यासाठी चैन नाही, गरज आहे. छापील खंड मिळत नाही म्हणून पीडीएफ. पण या पीडीएफकडे जरा टीकेच्या नजरेने पाहू. हे पानांचे फोटो आहेत. इंग्रजीत शब्द शोधता येतो, कधी सापडतो, कधी अक्षरे फुटतात. देवनागरीत ही सोय आणखी लंगडी. परिणाम असा की ज्या माणसाने ‘मूकनायक’ (१९२०), ‘बहिष्कृत भारत’ (१९२७), ‘जनता’ (१९३०) मराठीतून चालवले, मराठीत अग्रलेख लिहिले, मराठीत गावोगाव भाषणे केली, तो माणूस इंटरनेटवर प्रामुख्याने इंग्रजीत भेटतो. आणि इंग्रजी जमत नाही त्याला हिंदीत. आमच्या पट्ट्यातली मुले बाबासाहेब हिंदीतून वाचतात. त्यात काही वाईट नाही. पण मराठी अठराव्या, एकोणिसाव्या, विसाव्या खंडातले बाबासाहेब, म्हणजे ज्यांची भाषा या मुलांच्या आजोबांनी मैदानात बसून ऐकली ते बाबासाहेब, शोधले तर सापडावेत अशा रीतीने अक्षरबद्ध केलेले नाहीत. इंग्रजीतला आंबेडकर हा विद्वान, कायदेपंडित, जगाशी बोलणारा. मराठीतला आंबेडकर आपल्या माणसांना रागे भरणारा, त्यांच्या मेलेल्या जनावरावर, त्यांच्या कर्जावर, त्यांच्या बायकांच्या लुगड्यावर बोलणारा. शोधयंत्राने पहिला उचलला आणि दुसरा बाजूला पडला. ही निवड कोणी मुद्दाम केली असे मी म्हणत नाही. पण भाषेच्या बाबतीत जे न ठरवता घडते ते नेहमी वरच्यांच्याच बाजूने घडते, हा आपला जुना अनुभव आहे.

कोलंबियाच्या आवृत्तीविषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे, कारण ती सर्वांत चांगली आहे. प्रा. फ्रान्सिस प्रिचेट या मूळच्या उर्दूच्या अभ्यासक. त्यांनी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’चा मजकूर परिच्छेदवार क्रमांक देऊन मांडला, संदर्भ दिले, नकाशे आणि टिपा जोडल्या, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपण मजकुरात काय केले ते सांगितले. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने जे भाषण होऊ दिले नाही, ज्याच्या पहिल्या पंधराशे प्रती बाबासाहेबांनी स्वतः छापल्या आणि ज्या दोन महिन्यांत संपल्या, ते भाषण आज कोणीही फुकट वाचू शकतो हे त्यांचे ऋण आहे. परंतु या आवृत्तीतील प्रकरणांना दिलेली मथळ्यांची वाक्ये संपादिकेची आहेत. त्यांनी ती चौकटी कंसात ठेवली आहेत. आपल्याकडे निबंध लिहिणारी मुले कंस गाळतात आणि मथळा बाबासाहेबांच्या तोंडी घालतात. मग तो मथळा व्याख्यानात जातो, व्याख्यानातून स्मरणिकेत, स्मरणिकेतून भिंतीवर. दोष संपादिकेचा नाही. दोष वाचनाच्या सवयीचा आहे, आणि ही सवय आम्ही शिक्षकांनी लावायची असते.

याच संकेतस्थळावर ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ची एक प्रस्तावना आहे. १९५७ साली ग्रंथ निघाला तेव्हा ती त्यात नव्हती. तीत बाबासाहेबांनी आपल्या आजारपणातील सेवेबद्दल पत्नीचे, डॉ. सविता आंबेडकरांचे, ऋण मानले आहे. १९८० साली भगवान दास यांनी दुर्मीळ प्रस्तावनांच्या पुस्तकात ती छापली. आता विचार करा : तेवीस वर्षे समाजाला ही प्रस्तावना ठाऊकच नव्हती, आणि त्याच तेवीस वर्षांत माईसाहेबांविषयी वस्त्यावस्त्यांतून काय काय बोलले गेले! दस्तऐवज दडला की त्याची रिकामी जागा अफवा भरून काढते. येथे कोणा ब्राह्मणी यंत्रणेकडे बोट दाखवून सुटका नाही. ग्रंथ आमच्याच संस्थेने, सिद्धार्थ कॉलेजच्या प्रकाशनाने काढला होता.

तीच गोष्ट घोषणेची. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हा क्रम आपल्याला पाठ आहे. गावोगावच्या कमानींवर तो आहे. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय परिषद भरली, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली, त्या वेळच्या इंग्रजी भाषणाची नोंद पाहिली तर तीन शब्द आहेत खरे, पण चळवळ करण्याचा शब्द मध्ये आहे आणि संघटनेचा शेवटी. म्हणजे आधी शिकणे, मग अस्वस्थ होऊन इतरांना अस्वस्थ करणे, आणि त्या अस्वस्थतेतून संघटना. आपल्या मराठीत शब्दांनी जागा बदलल्या आणि संघटना आधी आली. कोणाला वाटेल, हे शब्दच्छल आहेत. माझ्या मते नाहीत. प्रश्नाशिवाय संघटना बांधली की ती गटाची होते, आणि मग गटाचे गट होतात. रिपब्लिकन पक्षाच्या १९५७ नंतरच्या वाटचालीत याचे पुरावे हवे तेवढे आहेत. नागपूरची नोंद उघडून वर्गात फळ्यावर लिहून दाखवली तेव्हा मुलांत अर्धा तास वाद झाला. एका दस्तऐवजाने याहून अधिक काय करायचे?

आता गडचिरोलीचा प्रश्न. येथे दप्तर अंगाशी येते.

आमच्या वर्गात एका बाकावर बौद्ध मुलगा आणि त्याच्या शेजारी गोंड किंवा माडिया मुलगी बसते. दोघांच्या मोबाइलमध्ये तोच पहिला खंड. त्या खंडात ६ मे १९४५ चे मुंबईतील भाषण आहे, ‘कम्युनल डेडलॉक अँड अ वे टू सॉल्व्ह इट’. त्यात बाबासाहेब कायदेमंडळातील प्रतिनिधित्वाची एक पूर्ण योजना मांडतात आणि आदिवासींना त्या योजनेबाहेर ठेवतात. कारण देतात की आदिवासींची संख्या मोठी असली तरी त्यांच्यात राजकीय जाण अजून आलेली नाही, आणि ते बहुसंख्याकांच्या वा अल्पसंख्याकांच्या हातातले साधन बनतील. त्यांच्या प्रदेशासाठी ते वेगळा वैधानिक आयोग सुचवतात आणि संबंधित प्रांतांनी त्यासाठी दरवर्षी ठराविक रक्कम द्यावी असे म्हणतात. ही मुलगी हे वाचते. तिने काय करावे?

आपल्यातले काही म्हणतात, ते पान दाखवूच नये. शत्रूला कोलीत कशाला द्यावे? दुसऱ्या बाजूचे लोक तेवढेच पान फोटो काढून फिरवतात आणि पाहा, तुमचा आंबेडकर आमच्या विरोधात होता, असे आदिवासी तरुणांना सांगत सुटतात. दोघांचीही रीत एकच आहे. दोघेही दस्तऐवजाची तारीख खोडतात. पहिल्याने पान लपवले, दुसऱ्याने बाकीची पाने लपवली. मुलीसमोर तीन कागद ठेवावे लागतील. पहिला १९३६ चा, ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’. त्यात आदिवासींना तसेच रानटी अवस्थेत ठेवल्याबद्दल हिंदू संस्कृतीला जाब विचारला आहे, आणि जातीमुळेच हिंदू त्यांच्यात जाऊन काम करू शकत नाही असे दाखवले आहे. दुसरा १९४५ चा, वर सांगितलेला. तिसरा ५ सप्टेंबर १९४९ चा, संविधान सभेतील पाचव्या अनुसूचीवरील चर्चेचा.

हे तीन कागद ओळीने वाचले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट दिसते आणि ती सांगताना बाबासाहेबांच्या अनुयायाने कचरू नये. पहिल्या दोन कागदांत आदिवासी स्वतः बोलत नाही. १९३६ मध्ये तो हिंदूंविरुद्धच्या खटल्यातला पुरावा आहे. १९४५ मध्ये तो प्रशासनाचा विषय आहे. त्याला रानटी म्हणणारा शब्दही त्या काळच्या मानववंशशास्त्रातून जसाच्या तसा आलेला आहे. तिसऱ्या कागदात मात्र समोर जयपालसिंग बसलेले आहेत. छोटा नागपूरचा हा मुंडा नेता उठतो आणि सुधारित मसुद्यात आदिवासी सल्लागार परिषदेचे बळ कमी केले गेल्याची तक्रार करतो. बाबासाहेबांना उत्तर द्यावे लागते. नेत्याच्या समग्र वाङ्मयातून आपल्याला नेता दिसतो, सभागृहाच्या वृत्तांतातून त्याला विचारलेले प्रश्नही दिसतात. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो की गडचिरोलीत बसून बाबासाहेब वाचायचे असतील तर खंडांच्या जोडीला संविधान सभेचे वृत्तांत उघडा. बंगळूरच्या सेंटर फॉर लॉ अँड पॉलिसी रिसर्च या संस्थेने ते वक्त्यानुसार शोधता येतील असे ठेवले आहेत. जयपालसिंगांचे नाव घालून शोधा. आंबेडकरांचे नंतर.

या मुलीच्या गावाचे नावसुद्धा जुन्या कागदांत आहे, हे तिला ठाऊक नव्हते. १९३६ च्या ब्रिटिश हुकुमाने जे प्रदेश अंशतः वगळलेले म्हणून जाहीर झाले, त्यांत तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील सिरोंचा तहसिलीतली अहेरी जमीनदारी आणि गडचिरोली तहसिलीतल्या धानोरा, दुधमाळा, गेवर्धा, झाडापापडा, खुटगाव, कोटगल, मुरुमगाव, पळसगड, रांगी, पोटेगाव अशा जमीनदाऱ्या होत्या. बाबासाहेब १९४५ मध्ये ज्या वगळलेल्या प्रदेशांविषयी बोलत होते, त्या जातीचे प्रदेश हेच. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जिल्हा वेगळा झाला आणि त्यातली बरीच गावे आज पाचव्या अनुसूचीत आहेत. म्हणजे मुंबईतल्या भाषणाचे आणि दिल्लीतल्या चर्चेचे धागे रांगी-धानोऱ्यापर्यंत पोहोचतात. असे वाचले की दस्तऐवज फ्रेमीतून खाली उतरतो. आणि मग ती विचारते, आमचे खंड कुठे आहेत? बाबुराव शेडमाकेंना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. ज्यांनी फाशी दिले त्यांच्या कागदांत ते बंडखोर म्हणून आहेत. ज्यांच्यासाठी ते लढले त्यांच्याकडे गाणी आहेत, कागद नाहीत. मला तिला उत्तर देता आले नाही, आणि देण्याची घाईही करू नये असे वाटते.

कागद नसणे हे आमचेही दुखणे आहे, केवळ आदिवासींचे नव्हे. १६ ऑक्टोबर १९५६ घ्या. १४ आणि १५ ऑक्टोबरला नागपूरची दीक्षा झाली आणि १६ ला बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचा तो सोहळा घडवून आणण्यात पुढाकार होता. दरवर्षी १५-१६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र अनुप्रवर्तन दिन होतो, पुस्तकांच्या दुकानांची रांग लागते, दहा-वीस रुपयांच्या पुस्तिका घेऊन बाया गाठोड्यात बांधतात. पण नागपूरच्या १५ तारखेचे भाषण सगळीकडे मिळते, आणि चंद्रपूरच्या १६ तारखेविषयी चार ओळींच्या पुढे जायचे तर माणसांकडे जावे लागते. जगाला दिसणाऱ्या दप्तरात चंद्रपूर ही नागपूरची तळटीप आहे. नेत्याभोवती बांधलेल्या दप्तराचा हा गुणधर्मच आहे. नेता जिथे बोलला ते ठिकाण उजळते, जिथे लोक जमले, चालत आले, भाकरी बांधून आले, ते अंधारात राहते. नागपूरचे किसन फागोजी बनसोड यांनी ‘मजूर पत्रिका’ चालवली, ‘चोखामेळा’ चालवला. जाईबाई चौधरींनी मुलींची शाळा चालवली. बाबासाहेबांच्या दप्तरात ही माणसे कोपऱ्यात येतात, कधी मतभेदाच्या निमित्ताने. त्यांचे स्वतःचे दप्तर कोण उघडणार?

यावर एक उपाय आपल्याच लोकांनी १९८९ मध्ये करून दाखवला आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक मी प्रत्येक वर्षी वर्गात नेतो. या दोघी आंबेडकरी चळवळीतल्या वृद्ध स्त्रियांच्या घरी गेल्या, त्यांना बोलते केले, आणि बोलणे लिहून घेतले. १९४२ च्या नागपूर परिषदेला जोडून जी महिला परिषद झाली, सुलोचनाबाई डोंगरे जिच्या अध्यक्षा होत्या, तिच्यात समोर बसलेल्या हजारो बायकांपैकी काहींचा आवाज अशा कामामुळेच आपल्यापर्यंत आला. दस्तऐवज पेटीतच सापडतो असे नाही. तो विचारून तयारही करावा लागतो.

आणि आमच्या भागात हे केवळ साहित्याचे काम नाही. पोटाचे आहे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी, वडसा या पट्ट्यात कितीतरी बौद्ध कुटुंबे जबरानजोतीवर जगतात. डिसेंबर १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, तीन लाखांवर माणसे तुरुंगात गेली, त्यांतली काही या गावांतली होती. २००६ चा वनहक्क कायदा आला. आदिवासीला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवायचा; आम्ही मात्र ‘इतर पारंपरिक वननिवासी’, म्हणून तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास दाखवायचा. सरळ हिशेबाने १९३० पर्यंत मागे जायचे. ज्या वर्षी बाबासाहेब नागपूरच्या परिषदेत अध्यक्ष होते आणि त्याच वर्षाच्या अखेरीस गोलमेज परिषदेत बोलत होते, त्या वर्षी आपला पणजोबा या गावात राहत होता याचा कागद आणा, असे शासन म्हणते. जातीच्या दाखल्याच्या पडताळणीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो तो आणखी वेगळाच.

हा कागद कुठे आहे? बंदोबस्त मिसलीत, निस्तार पत्रकात, आणि कोतवाल पंजीत. या शेवटच्या वहीत जी क्रूर गंमत आहे ती कोणत्याही कादंबरीत सापडणार नाही. मध्य प्रांतात गावाचा कोतवाल बहुधा महार असे. गावात कोण जन्मले, कोण मेले याची खबर ठाण्यावर पोचवण्याचे काम त्याचे. त्याला स्वतःला बहुधा लिहिता येत नसे. दुसरा कोणीतरी लिहून देई, तो वही घेऊन पायी चालत जाई. आपल्याला न वाचता येणारी गावाची नोंद त्याने पिढ्यानपिढ्या पाठीवर वाहिली. आज त्याच कोतवालाचा पणतू तहसिलीच्या अभिलेख कक्षासमोर, त्या वहीतल्या एका ओळीच्या नकलेसाठी उभा आहे. काही वह्यांचे फोटो घेऊन त्या संगणकावर चढवण्याचे काम महसूल खात्याने केले आहे. ते खरे म्हणजे आमचे पहिले आंबेडकरी दप्तर आहे. बाबासाहेबांच्या नावाच्या संकेतस्थळावर ते नाही म्हणून त्याला तसे कोणी म्हणत नाही, इतकेच.

कोणी म्हणेल, तुम्ही ग्रंथांची समीक्षा करता करता सातबाऱ्यावर घसरलात. घसरलो नाही. बाबासाहेब ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’त काय करतात? गोरेगावच्या प्रवासातली तहान, बडोद्याच्या पारशी खाणावळीतून हाकलले जाणे, चाळीसगावचा टांगा, दौलताबादच्या हौदावरचा प्रसंग, हे सगळे परदेशी वाचकासमोर साक्षीदाराच्या जबानीसारखे मांडतात. साल देतात, ठिकाण देतात, कोण काय म्हणाले ते देतात. विशेषणे मोजकी. तो गद्यप्रकार आपल्या आत्मकथनांनी पुरता उचलला नाही, असे माझे मत आहे. त्यांनी वेदना उचलली, जबानीची शिस्त सोडली. मूळ कागद वाचण्याचा लेखकाला होणारा लाभ हा असा असतो.

एक कायदेशीर मुद्दा कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावा. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी लेखन सर्वांचे होते. त्यामुळे बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून कोणीही छापावेत, भाषांतरावेत, संगणकावर अक्षरबद्ध करावेत. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाची साठ वर्षे मात्र प्रकाशनापासून मोजतात. ‘रिडल्स’ १९८७ चे, म्हणजे ते २०४७ अखेरपर्यंत बांधलेले. पेट्यांत जितका काळ कागद अडकला तितका त्याच्या मुक्तीचा दिवस पुढे गेला. तेव्हा जे मोकळे आहे तेवढ्यापासून सुरुवात करता येते. दहा महाविद्यालयांनी दहा-दहा विद्यार्थ्यांकडून मराठी अग्रलेखांची काळजीपूर्वक अक्षरजुळणी करून घेतली, प्रत्येक लेखाखाली अंक आणि तारीख टाकली, आणि संपादकाचा शब्द कंसात ठेवला, तर शासनाच्या गोदामाकडे बघत बसण्याचे कारण उरत नाही.

दुसरे काम त्याहून घाईचे आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी जे पंधरा वर्षांचे होते ते आज पंच्याऐंशीच्या घरात आहेत. वनहक्काच्या नियमांनी दावेदाराव्यतिरिक्त गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब पुरावा म्हणून मान्य केला आहे. तीच आजी दीक्षेच्या दिवसाची साक्षीदार आहे आणि तीच शेताच्या बांधाची. दोन्ही गोष्टी तिला एकाच बैठकीत विचाराव्या लागतील : चंद्रपूरला कोणाबरोबर गेलीस, कोणत्या रस्त्याने, किती दिवस चाललीस, पांढरे लुगडे कुठून आणले; आणि परत आल्यावर पहिली नांगरट कोणत्या झाडाखाली केली. मोबाइलवर आवाज भरून घ्यावा, गावाचे नाव, तारीख आणि विचारणाऱ्याचे नाव आरंभीच बोलावे, आणि लिहून काढलेली एक प्रत ग्रामसभेच्या दप्तरात ठेवावी. दिवाळीच्या सुटीत मुले गावी जातात तेव्हा धान कापणीला आलेले असते आणि म्हातारी माणसे अंगणातच बसलेली असतात.